रुपयाच्या पोटातली चांदी

लक्ष्मीपूजनाच्या ताटात आजही कित्येक घरांत जुना रुपया निघतो. कुठे राणीछाप, कुठे राजाछाप. हळदीकुंकू सगळ्यांना सारखेच, पण पोटातली चांदी सारखी नाही.

१८३५ साली कंपनी सरकारने आपल्या मुलखात एकच रुपया लागू केला. त्याआधी अंकुशी, चांदवडी असे नाना रुपये चालत आणि बदलून देताना सराफ बट्टा कापत. नव्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, बरोबर एक तोळा. त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी, एक भाग तांबे. निव्वळ चांदी मऊ असते, हातोहात फिरून लवकर झिजते. तांबे तिला कठीण करते. कडेचे दाते होते ते कड तासून कोणी चांदी चोरू नये म्हणून.

चांदी महागली की मात्र असे नाणे चलनातून नाहीसे होते, कारण आटवण्यातच फायदा दिसू लागतो. पहिल्या महायुद्धात चांदीची चणचण भासली आणि १९१७ साली एक रुपयाची नोट आली. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, रुपयातली चांदी निम्म्यावर आली; बाकी ४० टक्के तांबे, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. राजा तोच, वजनही तेच. चांदी मात्र १०.६९ ग्रॅमवरून ५.८३ ग्रॅमवर उतरली. १९४७ चा रुपया तर निकेलचा. तो लोहचुंबकाला चिकटतो.

साल पुसट झाले असेल, तर पाणी सांगेल. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर आधी कोरडा रुपया तोला. मग पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. रुपया दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. काटा दाखवील ते बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. कोरड्या वजनाला त्याने भागा. उत्तर १०.३ च्या आसपास आले तर जुनी चांदी, ९.५ आले तर युद्धकाळातली. नाणे झिजलेले असले तरी हा भागाकार बदलत नाही.

आणि काळा पडला म्हणून तो घासू नका. हवेतल्या गंधकयुक्त वायूंशी चांदीचा संयोग होऊन तो थर बसतो. घासताना त्याच्यासोबत ठशातली नक्षीही जाते. मोडीत तर घालूच नका. चांदी पुन्हा विकत मिळेल, पण आजीच्या हातून आलेला, साल कोरलेला तो बंदा रुपया पुन्हा मिळणार नाही.