बैलाला कोणती बोली कळते?



मागील गळीत हंगामात चांदवड भागात ऊसतोडीची पाहणी करीत असता आमच्यासमोरच एक प्रसंग घडला. भरलेली बैलगाडी बांधावरून उतरत होती. गाडीवान "होऽ होऽ" ओरडतोय, पण नवा बैल थांबेना. चाबूक बसला, बैल बिथरला, गाडी कलंडली. गाडीवानाचा पाय थोडक्यात वाचला. चौकशी करता कळले, की बैल मालेगावकडून आणलेला. जुन्या मालकाची बोली अहिराणी, पुकाराही निराळा. बैल हट्टी नव्हताच. शब्द ओळखीचा नव्हता.

मग जनावराला भाषा कळते का? हंगेरीत बुडापेस्टच्या शास्त्रज्ञांनी १८ कुत्र्यांना एकच गोष्ट स्पॅनिश व हंगेरियन भाषेत ऐकवून त्यांच्या मेंदूची तपासणी केली. २०२२ साली निष्कर्ष छापून आले. घरात ऐकलेली भाषा आणि परकी भाषा यांना मेंदूने वेगवेगळा प्रतिसाद दिला. वयस्क कुत्र्यांत हा फरक अधिक दिसला. गोष्टीचा अर्थ कळला असे नव्हे. पण बोलण्याची धाटणी कानात बसलेली असते.

कुत्रा म्हणजे बैल नव्हे, हे खरे. तरी सवयीच्या हाकेवर बैल चालतो, हे आपण रोज पाहतोच. तेव्हा बैल घेताना दात पाहता, तसे मालकाचे पुकारेही विचारून घ्या. नवा शब्द शिकवायचा तर आधी रिकाम्या गाडीला जुंपून शिकवा. चाबकाने बोली शिकवता येत नाही.