पाव मैल, दोन गाड्या आणि दिव्यांचा खांब

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या तरुणांना जुन्या फोर्ड गाड्यांची इंजिनं फुगवून पळवण्याचं वेड लागलं. कोरड्या तळ्यांवर चालणाऱ्या शर्यती गावातल्या रस्त्यांवर आल्या, माणसं मेली, पोलीस मागे लागले. १९५० साली सांता अ‍ॅनाच्या विमानतळावरची एक धावपट्टी या पोरांना मिळाली. पुढच्याच वर्षी ‘हॉट रॉड’ मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली आणि ड्रॅग रेसिंग रीतसर खेळ झाला.

दोन गाड्या, सरळ पट्टी, पाव मैल म्हणजे ४०२ मीटर. हरला तो घरी. नुसता अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा, त्यात कसलं कसब, असं कुणालाही वाटेल. कसब आहे ते सुरुवातीच्या रेषेवर.

तिथे दिव्यांचा खांब असतो. १९६३ पासून त्याला ‘ख्रिसमस ट्री’च म्हणतात. व्यावसायिक गटात तिन्ही पिवळे दिवे एकदम लागतात आणि ०.४ सेकंदाने हिरवा. हिरव्याआधी निघालात तर लाल दिवा, खेळ खलास. पण गाडीचं घड्याळ हिरव्या दिव्यावर सुरू होत नाही. चाक रेषेवरून हललं की सुरू होतं. समजा, एकीने पट्टी ३.७२ सेकंदात कापली, पण निघायला ०.१० घेतले. दुसरीला ३.७५ लागले, पण ती ०.०५ मध्येच सुटली. बेरीज करा: वेगवान गाडी हरली! आपल्या बैलगाडा शर्यतीत सेकंदाच्या अंशावर जशी भांडणं होतात, तशी इथे हजाराव्या भागावर होतात.

टॉप फ्युएल गटाचा थाट वेगळाच. इंधनात सुमारे ९० टक्के नायट्रोमिथेन. त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने तेवढ्याच हवेत पेट्रोलच्या कितीतरी पट इंधन जाळता येतं. ताकद अकरा हजार अश्वशक्तीच्या घरात, वेग ताशी ५३० किलोमीटरच्या वर, तोही चार सेकंदांच्या आत. प्रत्येक धावेनंतर मेकॅनिक इंजिन पूर्ण खोलतात आणि तासाभरात परत बांधतात. माझ्या मते खरा देखावा हाच.

याची किंमतही मोजावी लागली. १९७० मध्ये चालक डॉन गार्लिट्स यांच्या पुढ्यातला गिअरबॉक्स फुटला आणि उजव्या पायाचा काही भाग गेला. त्यांनी इंजिन चालकाच्या मागे नेलं, १९७१ मध्ये तशा गाडीने जिंकून दाखवलं. मग सगळ्यांनी तोच कित्ता गिरवला. २००८ मध्ये शर्यतीत चालक स्कॉट कॅलिटा यांचा जीव गेल्यावर सर्वांत वेगवान गटांसाठी पट्टी १,००० फुटांवर आणली गेली.

सामान्य माणसासाठी मात्र ब्रॅकेट रेसिंग. आपली गाडी किती सेकंद घेईल ते आधीच काचेवर लिहायचं. चौदा सेकंदवालीला अकरावालीच्या तीन सेकंद आधी सोडतात. लिहिल्यापेक्षा वेगात गेलात तर बहुधा बाद, म्हणजे थापा चालत नाहीत. रोजची सेडान घेऊनही इथे जिंकता येतं.

महाराष्ट्रात लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ या ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. तेव्हा हात शिवशिवत असतील तर हायवे सोडा आणि अशा पट्टीवर नाव नोंदवा.