एमबीए की संगणकशास्त्र? नोकरीच्या मध्यावर पदवीची निवड

नोकरीत दहा-बारा वर्षे झाल्यावर पुन्हा पदवी घेण्याचा विचार करणाऱ्यांपुढे बहुधा एमबीए आणि संगणकशास्त्र हे दोन पर्याय असतात. चर्चा होते ती कोणत्या पदवीला मागणी अधिक याची. आजवरच्या अनुभवाचे पुढे काय होणार, हा प्रश्न मात्र मागे पडतो.

व्यवस्थापन शिक्षणात अनुभवाला मोल आहे. अहमदाबादच्या आयआयएमच्या एक वर्षाच्या पीजीपीएक्स अभ्यासक्रमासाठी कार्यानुभव ही प्रवेशाची अटच असून कॅटऐवजी जीमॅट किंवा जीआरईचे गुण विचारात घेतले जातात. आपल्याच क्षेत्रात वरच्या जबाबदारीकडे जाऊ पाहणारा बँकेचा शाखाधिकारी किंवा कारखान्यातील पर्यवेक्षक यांना असे शिक्षण उपयोगी पडते. तथापि, पूर्णवेळ अभ्यासक्रमात शुल्काबरोबर वर्षभराच्या वेतनावरही पाणी सोडावे लागते. गृहकर्जाचा हप्ता चालू असलेल्या कुटुंबाने हा हिशेब आधी मांडावा.

संगणक क्षेत्रात पूर्णतः नव्याने शिरणाऱ्याचा जुना अनुभव सहसा फारसा धरला जात नाही. पस्तिशीतील उमेदवाराला विशीतील पदवीधरांच्या रांगेत उभे राहावे लागते. जुन्या क्षेत्राचे ज्ञान सोबत ठेवणाऱ्यांची स्थिती वेगळी असते. लेखापालाने विदा विश्लेषण शिकून वित्त विभागातच काम केले, तर त्याला ताळेबंद आणि संगणकाची आज्ञावली दोन्ही कळतात. हा मार्ग अधिक सुरक्षित वाटतो, पण त्याची जाहिरात क्वचितच होते.

एमसीए २०२०-२१ पासून दोन वर्षांचे झाले आहे. त्यासाठी पूर्वी बारावीला किंवा पदवीला गणित असावे लागत असे. कला शाखेचे अनेक इच्छुक तेव्हा येथेच अडत. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये सुरू केलेल्या विदाशास्त्राच्या ऑनलाइन पदवीला वयोमर्यादा नाही आणि जेईईची सक्तीही नाही. चार आठवड्यांचा प्राथमिक अभ्यास करून पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाल्यास प्रवेश मिळतो. शिवाय मध्येच थांबावे लागल्यास पूर्ण केलेल्या टप्प्यानुसार प्रमाणपत्र वा पदविका मिळू शकते. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यासाठी ही सोय लहान नाही. त्याआधी एनपीटीईएलवरील प्रोग्रॅमिंगचा एखादा अभ्यासक्रम करून पाहावा. तेथे शिकणे विनामूल्य असून प्रमाणपत्राच्या परीक्षेपुरते शुल्क आहे. दिवसभराच्या कामानंतर रात्री दहा वाजता गणिते सोडविण्याची तयारी आहे की नाही, हे त्यातून कळते.

मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र ‘एक्झिक्युटिव्ह’ नावाचे काही अभ्यासक्रम केवळ प्रमाणपत्र देतात. पदवी ही अट असलेल्या पदासाठी ते चालत नाही. शुल्क भरण्यापूर्वी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत संस्था आणि अभ्यासक्रम या दोहोंची नावे तपासावीत. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरील प्राप्तिकर वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, तीही कमाल आठ वर्षे. मुद्दलाला ती लागू नाही.