कारखाना आला, पण भाव कोणाच्या हाती?

परदेशी भांडवल आले की देश वर येतो की ताबेदार होतो, हा वाद बाजारात नेहमी चालतो. कार्ल मार्क्सच्या अनुयायांमध्येही तो शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्यांची मते आपल्याला पटोत वा न पटोत, व्यापारी आणि कारागीर बांधवांनी हा मुद्दा समजून घ्यावा. कारण त्यातला माल आपल्याच ओळखीचा आहे: कापूस, सूत आणि कापड.

मार्क्सने ऑगस्ट १८५३ मध्ये एका अमेरिकन वर्तमानपत्रात लिहिले की, इंग्रज गिरणीमालकांना हिंदुस्थानात रेल्वे हवी आहे ती कापूस स्वस्तात नेण्यासाठी. पण रेल्वे आली की तिच्यामागून कारखानेही येतील. नागपुरात तसेच घडले. १८६७ मध्ये रेल्वे आली आणि १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस जवळ मिळतो, हा त्यांचा साधा हिशेब होता.

मात्र वहीची दुसरी बाजूही पाहावी. विलायती कापडावर जकात होती. लँकेशायरच्या गिरण्यांचे नुकसान नको म्हणून १८९६ मध्ये सरकारने देशी गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के कर बसवला. तो १९२५ पर्यंत चालला. हातमागाचा विणकर या करातून सुटला, पण बाजारातून सुटला नाही. चरख्याचे सूत गेले, गिरणीचे सूत आले आणि सुताचा भाव त्याच्या हाती उरला नाही.

अशाच अनुभवांवरून विचारवंतांत मतभेद झाले. रोझा लक्झेंबर्ग यांनी १९१३ मध्ये मांडले की, भांडवलाला वाढण्यासाठी शेतकरी-कारागिरांची नवनवी बाजारपेठ लागते आणि ते त्यांचा जुना धंदा मोडते. लेनिनने १९१७ मध्ये म्हटले की, आता मालापेक्षा भांडवलच परदेशी जाते, आणि बड्या बँका व कंपन्या जग वाटून घेतात. उलट बिल वॉरेन यांचे १९८० चे पुस्तक सांगते की, साम्राज्यानेच मागास देशांत उद्योग पसरवले. उत्सा आणि प्रभात पटनायक यांनी २०१६ मध्ये लिहिले की, उष्ण प्रदेशातील शेतमाल स्वस्त राहावा म्हणून तिथल्या लोकांची कमाई दाबून ठेवली जाते. त्याच पुस्तकात डेव्हिड हार्वे यांनी हे मान्य केलेले नाही.

नागपूरचा अनुभव सांगतो की, दोन्ही बाजूंत तथ्य आहे. गिरणीने हजारोंना रोजगार दिला. पुढे ती सरकारी महामंडळाकडे गेली, २००२ मध्ये बंद पडली आणि आज त्या जागेवर मॉल आहे. म्हणून भांडवल देशी की परदेशी, एवढेच विचारून भागत नाही. कच्च्या मालाचा भाव कोण ठरवतो आणि नफा कोणत्या गावात राहतो, हे आधी विचारावे. दहा विणकर सूत एकत्र घेऊ लागले, तर भाव ठरवताना त्यांचाही शब्द चालेल.