कोरफडीचे बेट
कोरफडीचे एक रोप लावले की दोन-तीन वर्षांत त्याच्या बुडाशी मुनवे धरतात आणि रोपाचे बेट होते. भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्दच्या बाजूला धानाच्या बांधीत पावसाळाभर पाणी साचते, तर मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. कोरफडीला ऊन सोसते, साचलेले पाणी नाही. त्यामुळे अशा मुलखात ती अंगणातल्या उंचवट्यावर किंवा फुटक्या माठात बरी वाढते.

हिचे खोड इतके आखूड असते की पाने थेट जमिनीतून निघाल्यासारखी वाटतात. पानांच्या कडांना बारीक, फिकट दात असतात. कोवळ्या मुनव्यांवर पांढरे ठिपके दिसतात, पुढे ते बहुधा पुसट होतात. ठिपक्यांवरून ही वेगळी जात असल्याचा समज अनेकांचा होतो.

पान बुडातून कापून उभे धरले, तर हिरव्या सालीलगतच्या भागातून आधी पिवळा, जहाल कडू चीक ठिबकतो. पाणी आणि अन्न वाहणाऱ्या नलिकांजवळच्या पेशींत तो साठलेला असतो. त्यातले ॲलोइन हे द्रव्य जुलाब घडवते; हाच चीक आटवून, वाळवून काळा बोळ होतो. आतला पारदर्शक गर अगदी निराळा. त्यात जवळजवळ ९९ टक्के पाणीच असते. घरी गर काढताना चीक पूर्ण निथळू देत नाहीत, आणि मग पोट बिघडले की दोष गराला देतात.

बहुतेक झाडे दिवसा पर्णरंध्रे उघडतात, कोरफड रात्री. गारव्यात कार्बन डायऑक्साइड आत घेऊन ती आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा रंध्रे मिटून, त्याच साठ्यावर उन्हाच्या मदतीने अन्न तयार करते. दृष्ट लागू नये म्हणून दाराला उलटी टांगलेली कोरफड मातीपाण्याविना महिनोन्‌महिने तग धरते, ती या काटकसरीमुळे.

फुले साधारण हिवाळ्यात येतात. पानांच्या मधून उंच दांडा निघतो आणि त्यावर पिवळी, नळीसारखी फुले खालून वर उमलत जातात. उमललेले फूल खाली झुकते. मधासाठी शिंजीर येतात, पण बी क्वचितच धरते. स्वतःचा पराग कोरफडीला सहसा चालत नाही, आणि एका बेटातली सारी रोपे मुळात एकाच रोपाची. शेजारणीने दिलेल्या मुनव्यातून वाढलेली कोरफडही वंशाने तीच.

लिनिअस यांनी १७५३ मध्ये हिची शास्त्रीय नोंद केली. १७६८ मध्ये बर्मन यांनी ॲलो व्हेरा आणि मिलर यांनी ॲलो बार्बाडेन्सिस असे नाव दिले. साबणाच्या वेष्टनांवर अजूनही दोन्ही आढळतात. मूळ मात्र बार्बाडोसचे नव्हे, अरबस्तानातले. ॲलोच्या ५०० हून अधिक जाती आहेत, बहुतेक आफ्रिकेतल्या. केनियातली ॲलो जुव्हेना तर वीतभर उंचीची. तिचेही दाट बेट होते. बांधावरची घायपात मात्र या कुळातली नाही. ती अमेरिकेतून आली, तिच्या पानात वाख असतो आणि एकदा फुलली की ते झाड मरते. कोरफड दरवर्षी फुलू शकते.

बेट फार दाटले की मुनवे मुळांसकट सोडवतात, कापलेली जागा सावलीत काही दिवस सुकू देतात आणि रेताड, निचऱ्याच्या मातीत लावतात. ओल्या जखमेनिशी भर पावसात चिकण मातीत लावलेला मुनवा बुडातून सडतो.