"आज काय शिकवलं?" "काही नाही, खेळलो"

बालवाडी सुटताना फाटकाशी रोज हाच संवाद होतो. आई विचारते, पोर चपलेत पाय कोंबत उत्तर देतं, आणि मग दप्तरातली वही उघडली जाते. वहीत एक वाकडा गोल. इतक्यात कुणीतरी सांगतं की शेजारच्या इमारतीतली मुलगी तिसऱ्या वर्षीच शंभरपर्यंत आकडे लिहिते. झालं! घरी जाताना चाररेघी वही विकत घेतली जाते.

लवकर गिरवायला बसवलं की अक्षर लवकर वळतं, ही समजूत फार जुनी आहे. पण हाताचं म्हणणं वेगळं असतं. मोठ्या माणसाच्या मनगटात ८ छोटी हाडं असतात. जन्मतः ती सगळी कूर्चेची असतात आणि पुढे एकेक करून टणक होतात. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाच्या एक्स-रेत साधारण ३-४ हाडंच दिसतात. शेवटचं उमटायला आठवं वर्ष उजाडतं, कधी त्याहून उशीर होतो. बोटांचे स्नायू, नजर आणि हात यांचा मेळही हळूहळूच बसतो. बहुतेक मुलं गोल पाहून गोल काढतात ती तिसऱ्या वर्षाच्या आसपास, अधिकची खूण चौथ्या, चौकोन साडेचार आणि त्रिकोण पाचव्या वर्षाच्या सुमारास. आता 'अ' नीट पाहा: एकावर एक दोन वळसे, आडवी दांडी, उभी दांडी, वर शिरोरेघ. ज्या हाताला अजून चौकोन जमत नाही त्याच्याकडून आपण हे पानभर मागतो. जुन्या मास्तरांना हे उमगलेलं असावं. मराठी शाळेत लिहिण्याची सुरुवात अ-आ-इने न होता 'ग म भ न'ने होत आली, ती या अक्षरांची वळणं सोपी आणि एकमेकांच्या जवळची म्हणून.

तेव्हा वर्गात मातीचे गोळे, कागद फाडणं, मणी ओवणं चालू असतं, तो वेळकाढूपणा नसतो. पेन्सिल धरायला जो अंगठा आणि जी दोन बोटं मदत करतात, तीच चिमटीने रांगोळी सोडताना लागतात. मटार सोलणं, मेथी निवडणं, वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावणं हा घरचा सराव. कणकेची गोळी हातात दिली तर निम्मी जमिनीवर जाते, हे मान्य. (मटारचे दाणे नाकात जाऊ नयेत म्हणून समोर बसावंही लागतं.)

आकड्यांचा गैरसमज याहून चिवट आहे. शंभरपर्यंत म्हणता येणं आणि मोजता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलासमोर पाच बटाटे मांडा, मोजून घ्या आणि मग विचारा, "किती?" ते पुन्हा 'एक, दोन'पासून सुरू झालं, तर शेवटचा आकडा म्हणजे सगळ्या बटाट्यांची संख्या, हे त्याला अजून कळलेलं नाही. तेच बटाटे लांब लांब ठेवले की अनेक मुलं 'जास्त झाले' म्हणतात. ही चूक वयाची असते, बुद्धीची नव्हे. त्यात मराठीची स्वतःची गंमत: लिहिताना दोन आधी आणि बोलताना एक आधी, म्हणजे एकवीस. एकोणतीस तर वीसच्या घरात राहून तिसाचं नाव सांगतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक' अशी वाचनपद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला! जे दुसरीच्या मुलांना अवघड जातं म्हणून तो बदल सुचवला, ते आपण तिसऱ्या वर्षी पाहुण्यांसमोर घडाघडा म्हणायला लावतो. त्यापेक्षा पानं वाढताना सांगा, "पाच माणसं आहेत, प्रत्येकापुढे एकेक वाटी ठेव." एक वाटी उरली की गणित आपोआप बोलायला लागतं.

यासाठी महागडी खेळणी लागतात, असंही काहींना वाटतं. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. शहरी माँटेसरी साधनं तिथं परवडणारी नव्हती. त्यांनी पानं, बिया, शिंपले, खडे वापरले, आणि मुलं बालवाडीपर्यंत येईनात तेव्हा वाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' ती हीच. पुढे काम डहाणूजवळच्या कोसबाडला गेलं.

आणखी एक नेहमीची शंका: घरी इंग्रजीच बोलावं का? नाही. मुलाच्या भाषेत भरपूर, खऱ्या गप्पा माराव्यात. त्यावर दुसरी भाषा छान चढते.

आणि पुस्तकांचं म्हणाल, तर २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातच ३ ते ६ वयासाठी नेमलेली पाठ्यपुस्तकं नसावीत असं म्हटलं आहे. गोष्टीचं पुस्तक मात्र रोज हवं, तेच ते दहाव्यांदा मागितलं तरी.

राहिला फाटकावरचा प्रश्न. "काय शिकवलं?"ला "काही नाही" हेच उत्तर येणार. "आज कुणाशेजारी बसलास? डबा आधी कुणी संपवला? मग काय झालं?" असं विचारून पाहा. मग घर येईपर्यंत तोंड मिटत नाही. मधेच 'आधी' आणि 'नंतर'ची गल्लत होते, शंकरपाळ्यांची संख्या तिनावरून शंभरावर जाते, आणि जिन्यात थांबून पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं.