माझी मीच सोबतीण

संस्थेच्या कामासाठी जिनिव्हाला गेले होते. शेवटच्या दिवशी बैठक लवकर आटोपली आणि हाताशी चार तास उरले. खरं सांगू? आनंद व्हायच्या आधी पोटात गोळाच आला. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण पुण्यात राहून साधा सिंहगडही मी एकटीनं कधी पाहिला नव्हता!

हॉटेलात मिळालेल्या मोफत प्रवासाच्या कार्डावर ट्राम पकडली. संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयासमोर उतरले, तर पुढ्यात १२ मीटर उंचीची, एक पाय तुटलेली लाकडी खुर्ची! भूसुरुंगांच्या विरोधात १९९७ मध्ये उभारलेली. तिच्याखाली कितीतरी वेळ उभी राहिले. ‘चल, उशीर होतोय’ म्हणणारं कुणी नव्हतंच.

मग सरोवराकाठी बसले आणि १४० मीटर उंच उडणारं कारंजं बघत घरून नेलेला चिवडा खाल्ला. परतताना चुकीच्या ट्राममध्ये चढले. उतरले, विचारलं, दुसरी पकडली. झालं!

मैत्रिणींनो, इतकी वर्षं घाबरत होते, ते नेमकं कशाला?

येत्या रविवारी सिंहगडावर जाणार आहे. एकटीच.